गिटारची बॉडी नुसती घासून घडत नाही

इलेक्ट्रिक गिटार बनवायला शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरत असतो: राऊटरच्या (वेगाने फिरणाऱ्या पात्याने लाकूड कोरणाऱ्या यंत्राच्या) नादी लागू नका. तो लाकूड फाडतो, हाताला धोका असतो, आणि बॉडी कारखान्यातल्यासारखी दिसते. त्यापेक्षा करवतीने कापा आणि सँडपेपरने घासत आखलेल्या रेघेपर्यंत या. आकार तोच येतो आणि लाकूड वाजतंही जास्त चांगलं. या सल्ल्यापायी उत्तम लाकडं वाया गेलेली मी पाहिली आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

राऊटर लाकूड फाडतो, हे खरं आहे. पण कुठे फाडतो ते बघा. सरळ कडेवर क्वचितच. शिंगांपाशी (बॉडीच्या वरच्या दोन टोकांपाशी) आणि खालच्या गोलाईवर, जिथे रेषे कडेला येऊन तुटतात, तिथे ढलपी उडते. बिट (राऊटरचं फिरतं पातं) रेष्यांच्या उलट चढत गेलं की रेषा कापली जाण्याआधीच उचकटते. रंधा मारणारा प्रत्येक सुतार हे ओळखतो आणि लाकूड फिरवून घेतो. राऊटरलाही तेच करायचं. करवतीने रेघेबाहेर जेमतेम 2 मिमी लाकूड ठेवायचं, एका फेरीत थोडीच खोली घ्यायची. बाहेरच्या कडेवर राऊटर घड्याळाच्या उलट दिशेने जातो, त्यामुळे गोलाईचा अर्धा भाग उताराचा (रेष्यांच्या दिशेने) मिळतो आणि अर्धा चढाचा (रेष्यांच्या उलट). वर-खाली दोन्हीकडे बेअरिंग (साच्याच्या कडेवरून फिरत बिटाला वाट दाखवणारी चकती) असलेलं बिट घेतलं की बॉडी उलटी करता येते, आणि मघाचा चढ आता उतार होतो. चढ तेवढे सोडून द्यायचे आणि उलटवल्यावर घ्यायचे. फाटण्याचं खापर यंत्रावर फोडतात, पण दोष बहुतेक वेळा दिशेचा आणि घाईचा असतो.

‘आकार तोच येतो’ हा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो. इलेक्ट्रिक गिटारची कड साधारण 45 मिमी जाड असते. तेवढ्या उंचीवर हाताने कागद चालवला की हात नकळत डुलतो आणि कड मधे फुगते. पोलादी गुण्या लावून उजेडासमोर धरा: वर आणि खाली फटीतून प्रकाश दिसतो. अ‍ॅशसारख्या लाकडात तर एक पट्टा मऊ, पुढचा कडक. कागद मऊ पट्टा जास्त खातो आणि कडेवर बोटाला जाणवतील अशा लाटा उठतात. पॉलिश चढलं की त्या लपत नाहीत, उलट चमकतात.

घासण्याची जागा वेगळी आहे, ती म्हणजे टेम्प्लेट, बॉडीच्या आकाराचा एमडीएफचा साचा. एमडीएफमध्ये (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीत) रेषे नसतात, त्यामुळे ते सगळीकडे सारखं घासलं जातं. संध्याकाळभर बसून त्याची गोलाई मनासारखी करा, डोळे मिटून बोट फिरवा, जिथे अडखळेल तिथे पुन्हा घासा. चुकलं तर एमडीएफचा तुकडा जातो, लाकूड वाचतं. मग बेअरिंग त्या कडेवरून फिरतं आणि तुमच्याच हाताची गोलाई लाकडात उतरते. हाताचं काम गेलं कुठे?

आणि नेकचा (गिटारच्या दांड्याचा) खोबणा? तो कागदाने करायचा कसा, याचं उत्तर हा सल्ला देणाऱ्यांकडे नसतं. सुमारे 75 मिमी लांबीच्या खोबण्यात नेक बाजूला अर्धा मिमी जरी कलली, तरी नटपाशी (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपाशी) ती अडीच मिमीच्या आसपास सरकते. मग एका बाजूची तार फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) टोकाला जाऊन भिडते. पिकअपच्या खाचांचंही तेच.

जास्त चांगलं वाजण्याबद्दल थोडक्यात: पिकअप तारेचं कंपन टिपतो. कड कशाने कापली हे त्याला कळत नाही.

‘कारखान्यातली’ म्हणून हिणवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की 1950 च्या दशकातल्या ज्या फेंडर गिटारी आज लोक जिवापाड जपतात, त्यांच्या बॉडी टेम्प्लेट आणि पिन राऊटरवरच (खुंटीला साचा टेकवून चालवायच्या राऊटरवरच) झाल्या. फेंडरच्याच 1954 च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारला पोटाशी आणि हाताखाली जो उतार आहे, त्याला मात्र राऊटर नकोच. अशा जागी लाकडी कामाची कानस, मग 80 नंबरचा कागद, मग 120, शेवटी 220. राऊटरच्या बारीक खुणा पुसायलाही कागदच लागतो. तिथे मी कागदाच्या बाजूने आहे.

उरला धोका. मिनिटाला 20,000 च्या वर फेरे घेणाऱ्या बिटाची भीती हवीच: दोन्ही हात मुठींवर, बॉडी क्लॅम्पने घट्ट, बिट बदलताना प्लग काढलेला. पण कागद निर्धोक आहे हे डोक्यातून काढा. राऊटर बराचसा भुसा जाड उडवतो, तर घासण्यातून निघणारी धूळ इतकी बारीक असते की ती तासन्‌तास हवेत तरंगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक ठरवलं आहे. अख्खी बॉडी कागदाने उतरवायची म्हणजे तीच धूळ कित्येक दिवस नाकातोंडात घ्यायची, आणि नेमक्या त्याच कामाला लोक बिनमास्कचे बसतात.