'कायदा आलाय, लीज वाढवू नका' म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

इंग्लंडमधल्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. गोषवारा असा: लीजहोल्ड फ्लॅटची (म्हणजे ठरावीक वर्षांपुरताच आपला असलेल्या फ्लॅटची) लीज वाढवण्यात आता पैसे घालवू नका. २०२४च्या कायद्याने मॅरेज व्हॅल्यू (लीज वाढवताना द्यावी लागणारी एक जादा रक्कम) रद्द झाली, थेट ९९० वर्षं मिळतात. घर घेतल्यावर दोन वर्षं थांबावंच लागतं. लीज संपली तरी कुणी बाहेर काढत नाही. आणि वाढवायचीच असेल तर सॉलिसिटर (वकील) आणि सर्व्हेयर (घराची किंमत काढणारा) यांच्या नादी न लागता फ्रीहोल्डरशी, म्हणजे मूळ मालकाशी, थेट बोला. शेवटी हात जोडलेले इमोजी आणि 'जास्तीत जास्त लोकांना पाठवा'.

एरवी असले मेसेज मी न वाचता उडवते. पण माझ्या आतेभावाने याच्या भरवशावर सर्व्हेयरची ठरलेली भेट रद्द केली. त्याच्या लीजची ८० वर्षं आणि पाच महिने उरलेत. हा आकडा बघून ज्याच्या पोटात गोळा येत नाही, त्याने दुसऱ्याला सल्ला देऊ नये.

आधी मॅरेज व्हॅल्यू, कारण खरं नुकसान इथेच आहे. लीज वाढवताना फ्रीहोल्डरला दोन गोष्टींची भरपाई मिळते: पुढे बुडणारं ग्राउंड रेंट (जागेपोटी त्याला द्यायचं वार्षिक भाडं) आणि लीज संपल्यावर त्याच्याकडे परत येणारा फ्लॅट उशिरा मिळणार, त्याची किंमत. आता लीज वाढली की तुमच्या फ्लॅटचा भाव चढतो. दोघांचे हक्क मिळून जी ही वाढीव किंमत तयार होते, ती मॅरेज व्हॅल्यू, आणि तिचा अर्धा वाटा फ्रीहोल्डरचा. मात्र ८० पेक्षा जास्त वर्षं उरली असतील तर कायद्याने ती शून्य धरतात.

ढोबळ हिशेब करून बघा. लांब लीजवर तीन लाख पाउंडांचा फ्लॅट, ग्राउंड रेंट वर्षाला शंभर. ८० वर्षांच्या आसपास, नेहमीच्या ५ टक्के दराने, फ्रीहोल्डरच्या परतीच्या हक्काची आजची किंमत सहा हजारांच्या घरात जाते. ग्राउंड रेंटचे दीड-पावणेदोन हजार धरले तर झाले साधारण आठ. आता ७९ वर्षं उरली आहेत आणि छोट्या लीजमुळे फ्लॅट दोन लाख शहात्तर हजारांचाच उरलाय असं धरू. तीन लाखांतून ही किंमत आणि वरचे आठ हजार वजा केले की सोळा हजार उरतात. त्यातले निम्मे फ्रीहोल्डरला. म्हणजे आठचे सोळा झाले, आणि तेही केवळ कॅलेंडर पुढे सरकल्यामुळे. शिवाय सर्व्हेयरची फी आणि फ्रीहोल्डरचा वाजवी खर्च सध्या तुमच्याच खिशातून.

मग २०२४चा कायदा? तो झालाय, हे खरं. २४ मे २०२४ला त्यावर राजाची मोहोर उमटली आणि मॅरेज व्हॅल्यू काढायची, ९९० वर्षं द्यायची, फ्रीहोल्डरचा खर्च बहुतेक वेळा त्याच्याच माथी मारायचा, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. पण मेसेज लिहिणाऱ्याने त्याच कायद्याची शेवटची कलमं उघडली असती तर दिसलं असतं, की बहुतेक तरतुदी मंत्री ठरवतील त्या दिवसापासून लागू व्हायच्या आहेत. या तरतुदींसाठी तो दिवस २०२५ सरेपर्यंत उगवला नव्हता. काही बड्या फ्रीहोल्डरांनी कोर्टात दिलेलं आव्हान हायकोर्टाने ऑक्टोबर २०२५मध्ये फेटाळलं, तेवढा एक अडथळा कमी झाला. पण तरतूद लागू होईपर्यंत फ्रीहोल्डरचा सर्व्हेयर जुन्याच नियमाने आकडा काढणार. त्याला तुमचा फॉरवर्ड दाखवून बघा.

एवढं मात्र नाइलाजाने मान्य करते, की 'थांबा' हा सल्ला प्रत्येकाला चुकीचा नाही. ज्याची लीज आधीच ७४-७५ वर आली आहे आणि ज्याला घर विकायचं किंवा नवं कर्ज काढायचं नाही, त्याने नव्या तरतुदींची वाट बघणं हा विचार करून घेतलेला जुगार असू शकतो. ज्याच्याकडे १२० वर्षं आहेत त्याने निवांत झोपावं. पण ८०च्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला 'थांब' म्हणणं म्हणजे त्याला ढकलणं आहे. हिशेब धरला जातो तो नोटीस दिल्याच्या तारखेचा. १९९३च्या कायद्याच्या ४२व्या कलमाखालची नोटीस ८० वर्षांच्या वर असताना गेली, की पुढची बोलणी वर्षभर रेंगाळली तरी मॅरेज व्हॅल्यू मध्ये येत नाही.

'आत्ता वाढवली तर ९९० हुकतील' ही भीतीही पोकळ आहे. फ्लॅटला आजच्या कायद्यानेही उरलेल्या वर्षांवर ९० वर्षं वाढून मिळतात आणि ग्राउंड रेंट शून्यावर येतं. १७० वर्षांच्या लीजला कुठलीही बँक नाक मुरडत नाही.

दोन वर्षं थांबायची अट ३१ जानेवारी २०२५पासून गेली. म्हणजे जे लागू झालंय ते या मेसेजला माहीत नाही आणि जे झालं नाही ते तो छातीठोक सांगतो.

'कुणी बाहेर काढत नाही' हे अर्धं खरं आहे. लांब मुदतीची लीज संपली म्हणून दुसऱ्या दिवशी कुलूप लागत नाही, तिथे राहणाऱ्याला कायद्याचं संरक्षण असतं. पण ते भाडेकरू म्हणून, बाजारभावाने भाडं भरून. ज्या घराचे हप्ते तुम्ही फेडले त्याचंच भाडं.

राहिला फ्रीहोल्डरशी थेट सौदा. तो बेकायदा नाही, कधीकधी लवकरही उरकतो. पण त्यात तारीख गोठत नाही आणि समोरचा कधीही माघार घेऊ शकतो. अटीही त्याच्या: ९० वाढवण्याऐवजी एकूण ९९ करून देतो म्हणेल, आणि जुन्या मुदतीपुरतं ग्राउंड रेंट तसंच ठेवेल. रीतसर नोटिशीत वेळापत्रक दोघांनाही बांधून ठेवतं. त्याने मुदतीत उलट नोटीस दिली नाही तर तुम्ही कोर्टातून तुमच्याच अटींवर लीज मागू शकता. पण त्याची उलट नोटीस आली आणि रकमेवर जमलं नाही, तर सहा महिन्यांच्या आत ट्रायब्युनलकडे (असे वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) अर्ज गेलाच पाहिजे. तो चुकला तर तुमची नोटीस मागे घेतली असं धरतात आणि पुढची द्यायला बारा महिने थांबावं लागतं. ८० वर्षं आणि पाच महिनेवाल्याने हे दोनदा वाचावं. सॉलिसिटर लागतो तो या तारखांसाठी. त्याच्याकडे जाण्याआधी सरकारी पैशावर चालणाऱ्या लीजहोल्ड ॲडव्हायझरी सर्व्हिसला विचारा. तिथे सल्ला फुकट मिळतो.