शेजाऱ्यांचा प्लॉट आणि आपले कान

मागील रविवारी सकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी आमच्या शेजाऱ्यांनी त्यांच्या मोकळ्या प्लॉटवर, म्हणजे माझ्या झोपण्याच्या खोलीच्या खिडकीपासून बरोबर १६ मीटरवर (हे अंतर मी टेप लावून मोजले आहे, निवृत्त माणसाकडे वेळ असतो आणि जागरणाने तो आणखी वाढतो), लोखंडी पाइप कापण्यास आरंभ केला. एकूण किती तुकडे झाले ते मी अचूक सांगू शकतो, कारण कटरचा आवाज थांबला की तुकडा फरशीवर पडल्याचा दुसरा आवाज येत असे : ४३. त्यानंतर दहा मिनिटे शांतता पसरली, मी पुन्हा पांघरूण ओढून घेतले, डोळा लागतो न लागतो तोच चव्वेचाळिसावा तुकडा पडला. या अनुभवातून सुचलेले काही उपाय समदुःखी वाचकांसाठी येथे नम्रपणे देत आहे.

सर्वप्रथम आपली दृष्टी बदलावी. शेजारी आवाज करतात असे म्हणू नये. शेजारी उद्योगी आहेत असे म्हणावे. ग्राइंडरची चार इंची चकती मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते, आणि आपण मात्र अंथरुणात एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळण्यापलीकडे काहीही करत नाही, ही तुलना मनात आणली की आपोआप शरम वाटू लागते व तक्रारीची धार बोथट होते.

तरीही मन ऐकत नसेल तर शास्त्राचा आधार घ्यावा. ग्राइंडरपासून एक मीटरवर आवाज साधारण १०० डेसिबल असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे १६ मीटरवर तो केवळ ७६ उरतो, आणि अर्धवट उघड्या खिडकीतून आत येताना आणखी पंधराएक डेसिबल गळून पडतात. राहिले ६१. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत झोपेच्या खोलीसाठी ३० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. एकतीसचाच काय तो फरक, असे म्हणून कूस बदलावी. डेसिबलची मोजपट्टी लघुगणकी असते, तिच्यावर दर १० अंकांना ध्वनीची ऊर्जा दहापट होते, आणि म्हणून हा ‘एकतीसचा फरक’ प्रत्यक्षात हजारपटींहून अधिक असतो, हा तपशील घरात कोणाला सांगू नये. शिवाय ती मर्यादा रात्रीसाठी आहे, आणि सकाळी पावणेसातला रात्र म्हणणारी माणसे आळशी असतात, असे शेजाऱ्यांचे मत आहे.

मोबाइलवरील आवाज मोजण्याच्या अ‍ॅपवर पूर्ण विश्वास ठेवावा. शेजाऱ्यांनी प्लॉटवर वीजजोडणी घेण्याऐवजी जनरेटर आणून ठेवला आहे, आणि तो चालू झाला की मांडणीवरचे पेले एकमेकांना टेकून किणकिणू लागतात, दाराची कडी हलते, उशीला कान लावला की घरघर उशीतून वर येते. अशा वेळी अ‍ॅप उघडावे. अशी मापने बहुधा ‘ए’ भारांकन (कानाला कमी ऐकू येणारे खालचे सूर कमी धरण्याची पद्धत) लावून केली जातात, आणि त्या भारांकनात ५० हर्ट्‌झच्या घुमणाऱ्या आवाजातून सुमारे ३० डेसिबल वजा होतात, त्यामुळे पडद्यावरचा आकडा अत्यंत समाधानकारक दिसतो. पेले खोटे बोलत आहेत असे समजावे.

खिडक्या कायम बंद ठेवाव्यात; उकाडा हा मनाचा खेळ आहे.

कुंपणालगत झाडांची एक रांग लावावी. आवाज तिच्यातून जसाच्या तसा येतो, परंतु कटर दिसेनासा होतो, आणि मग आवाज नेमका कशाचा आहे हा विचार करण्यात उरलेली पहाट बरी जाते.

घर बदलण्याचा सल्ला देणारी आप्तमंडळी प्रत्येकाला असतात. त्यांना तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांची हकीकत ऐकवावी. क्योनिग्जबर्ग शहरात राहणाऱ्या या विचारवंताला शेजाऱ्याच्या कोंबड्याच्या आरवण्याने काम सुचेना, म्हणून त्यांनी तो कोंबडा मागाल त्या किमतीला विकत घेण्याची तयारी दाखवली. एका कोंबड्याने तत्त्वज्ञाचे काय बिघडते हे शेजाऱ्याच्या डोक्यात शिरेना. त्याने साफ नकार दिला, आणि कांटच घर सोडून गेले. पुढे त्यांनी स्वतःचे घर विकत घेतले ते नेमके तुरुंगाजवळ, आणि १७८४ मध्ये त्यांना शहराच्या महापौरांकडे पत्र लिहून तक्रार करावी लागली, कारण कैदी खिडक्या उघड्या ठेवून मोठमोठ्याने भक्तिगीते म्हणत असत. एवढ्या मोठ्या बुद्धीच्या माणसाला जे साधले नाही ते आपल्याला साधेल असा अहंकार बाळगू नये. माझ्या शेजाऱ्यांकडे कोंबडा नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

अधिकाऱ्यांकडे तक्रार अवश्य करावी. पाहणीसाठी माणूस येतो तेव्हा प्लॉटवर पक्ष्यांचा किलबिलाट चाललेला असतो.

आता सर्वांत महत्त्वाचा उपाय, जो प्रत्येक शहाणा माणूस सुचवतो : शेजाऱ्यांशी शांतपणे बोलून पाहावे. मी बोलून पाहिले. मागील रविवारीच, दहाच्या सुमारास, कपडे बदलून, चेहऱ्यावर शक्य तेवढे हसू आणून मी प्लॉटच्या फाटकाशी गेलो. गृहस्थ पाठमोरे उभे होते. मी दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा फाटकाची कडी वाजवली, शेवटी त्यांच्या मदतनिसाने त्यांचा खांदा हलवला तेव्हा ते वळले, आणि माझे म्हणणे ऐकण्यासाठी त्यांनी कानांवरची दोन जाड, पिवळी, गादी लावलेली झाकणे उचलून गळ्यात अडकवली. मी म्हणालो, “अहो, सकाळी जरा उशिरा सुरू करता आले तर बरे होईल, आवाजाने झोप मोडते.” ते म्हणाले, “आवाज? एवढा काही येत नाही हो काका. तुमचे कान फार नाजूक आहेत.” मग त्यांनी ती झाकणे पुन्हा कानांवर चढवली.

मी तसाच उभा होतो हे पाहून त्यांनी एक झाकण जरासे वर केले आणि सांगितले की हे काम ते पूर्वी स्वतःच्या घराच्या मागच्या अंगणात करत असत, पण घरच्यांना त्रास होऊ लागला, म्हणून इकडे या कोपऱ्यात आणले. हे त्यांनी अगदी मोकळेपणाने सांगितले. त्यात आपण काही विशेष बोलत आहोत असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. घरच्यांना त्रास होतो हे त्यांना कळते, स्वतःच्या कानांना इजा होईल हे कळते, त्यासाठी बाजारात जाऊन झाकणे विकत घेण्याची बुद्धी होते, चकतीची ठिणगी डोळ्यांत उडू नये म्हणून चष्मा लावण्याचे सुचते, आणि कुंपणापलीकडे माणसे राहतात एवढे एकच सुचत नाही. ज्याला काही कळतच नाही त्याला मनुष्य माफ करतो. या गृहस्थांना सगळे कळते. त्यांनी त्रासाचा नीट हिशेब केला आहे, तो कोणाच्या वाट्याला जाऊ नये याची यादी केली आहे आणि जे उरले ते आमच्या खिडकीत आणून टाकले आहे. जाता जाता त्यांनी ते जगप्रसिद्ध वाक्यही ऐकवले : “जागा आमची आहे, काका.” जागा त्यांची आहे, कबूल. सातबारा काय किंवा खरेदीखत काय, मी कधी पाहायला मागितले? पण आवाज त्यांच्या जागेत राहतो का? त्यांच्या प्लॉटवर माझी मांजर शिरली तर ते दगड उचलतात. त्यांचा कटर रोज कुंपण ओलांडून माझ्या उशीपर्यंत येतो, तेव्हा हद्द कुठे जाते? १६१० मध्ये इंग्लंडच्या न्यायालयात ऑल्ड्रेड नावाच्या गृहस्थाने शेजाऱ्याच्या डुकरखान्याच्या दुर्गंधीबद्दल दावा लावला होता, तेव्हाही प्रतिवादीच्या बाजूने हाच युक्तिवाद झाला, की डुकरे माणसाच्या पोटापाण्यासाठी आवश्यक आहेत आणि कोणी आपले नाक इतके नाजूक ठेवू नये. न्यायालयाने निकाल ऑल्ड्रेडच्या बाजूने दिला. चारशे वर्षांपूर्वी नाकाबद्दल जे ठरले ते कानाबद्दल समजावून सांगायला आणखी किती शतके लागणार आहेत?

येथे माझा सूर किंचित चढला असल्यास वाचकांनी क्षमा करावी. उपायांकडे परत येऊ. कापसाचे बोळे वापरावेत. पंखा मोठा ठेवावा. थोडे सांभाळून घ्यावे.

नाही, हे ‘सांभाळून घ्या’ आता पुरे झाले. ते सांगणारे लोक नेहमी प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला राहतात.

मुद्दा कापणीचा नाहीच. पाइप कापावेच लागतात, घरे बांधावी लागतात, यंत्रे चालणारच. मी आयुष्यभर कारखान्यात काढले आहे आणि आवाजाला घाबरणारा माणूस नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी काही प्रयोग केले होते. त्यांत लोकांना मधूनमधून मोठा आवाज ऐकवून नंतर कामे दिली. आवाज केव्हा येणार याचा अंदाज ज्यांना नव्हता त्यांनी पुढच्या कामात चुका अधिक केल्या आणि अवघड कोडी लवकर सोडून दिली. ज्यांच्या हाताशी आवाज बंद करण्याचे बटण ठेवले होते त्यांचे काम बरे झाले, आणि गंमत म्हणजे त्यांतील बहुतेकांनी ते बटण दाबलेच नाही. हे वाचले तेव्हा त्या दहा मिनिटांच्या शांततेत मला काय झाले होते ते समजले. ४३ तुकड्यांनी मला जेवढे छळले नाही तेवढे चव्वेचाळिसाव्याची वाट पाहण्याने छळले.

तेव्हा महाशय, आता सरळ तुमच्याशीच बोलतो. तुमच्याकडे माझा नंबर आहे. प्लॉटवर पाणी वाहून गेले होते तेव्हा रात्री अकराला तुम्ही मला फोन केला होता आणि मी बॅटरी घेऊन येऊन तुमची मोटर बंद केली होती. त्याच नंबरवर ‘उद्या नऊ ते अकरा कटर चालणार आहे’ एवढे लिहायला किती वेळ लागतो? अर्धे मिनिट? मी त्या वेळी फिरायला जाईन, भाजी आणीन, काहीही करीन. जनरेटर कुंपणाला टेकवून ठेवला आहे तो उचलून तुमच्या स्वतःच्या घराच्या बाजूला न्या. धूर काढण्याचे तोंड आमच्याकडे आहे ते वळवा. रविवारी सकाळी आठच्या आधी चकती फिरवू नका. यांतले एकही काम तुम्हाला खर्चात टाकणारे नाही, आणि तरीही तुम्ही ते करत नाही, कारण त्रास तुम्हाला होत नाही. याला उद्योगीपणा म्हणत नाहीत, याला बेपर्वाई म्हणतात, आणि ती वयाने लहान असलेल्या माणसाने ‘काका’ म्हणून केली तरी बेपर्वाईच राहते.

आणि माझे कान नाजूक आहेत असे अजूनही वाटत असेल, तर येत्या रविवारी मदतनिसाच्या हातात कटर द्या, ती पिवळी झाकणे फाटकावर टांगून ठेवा, आणि माझ्या खोलीत येऊन पलंगावर अर्धा तास आडवे व्हा. दार उघडेच असेल. पावणेसातला मी जागाच असतो.