‘पुलावर मरायला पाठवलं’ हे पटलं नाही

बर्नहार्ड विकीच्या ‘दी ब्र्युके’ (१९५९) या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन चित्रपटावरच्या लेखात म्हटलंय की, सैन्यात घेतलेल्या त्या सात शाळकरी पोरांना मरायलाच पुलावर पाठवलं. उलट आहे हो! आघाडीपासून दूर राहावीत, जीव वाचावा म्हणूनच त्यांना गावातल्या त्या बिनमहत्त्वाच्या पुलावर ठेवतात. पूल तर उडवायचाच असतो. त्यांच्यावर नेमलेला सैनिकी अंमलदार हाइलमान कॉफी आणायला जातो आणि त्याला पळपुटा समजून जर्मन लष्करी पोलीसच गोळी घालतात. मग पोरांना ‘मागे फिरा’ म्हणणारं कुणी उरतच नाही.

मला जास्त चटका या गोष्टीचा बसला. कॉलेजात फिल्म सोसायटीत पाहिला तेव्हा आम्हीही त्या पोरांहून दोन-तीन वर्षांनीच मोठे. सुरुवातीच्या त्यांच्या टवाळक्यांना खो खो हसलो होतो. बाहेर पडल्यावर चहाच्या टपरीपर्यंत कुणी बोललं नाही.