ब्रह्मगिरीचे ते दोन फोटो

त्र्यंबकजवळच्या ब्रह्मगिरी-अंजनेरी डोंगरांचे दोन उपग्रह फोटो सध्या नाशिककरांच्या ग्रुपांवर फिरताहेत. जुना मे महिन्यातला, तपकिरी. नवा सप्टेंबरअखेरचा, हिरवागार. सोबत दावे: जंगल परत आलं, एनडीव्हीआय (उपग्रहाच्या फोटोवरून काढलेला हिरवाईचा आकडा) हेच सांगतो, आणि फोटोत खोदकाम दिसत नाही म्हणजे डोंगर शाबूत आहे.

‘जंगल परत आलं.’ अहो, महिने तरी वाचा! पावसाळा सरताना आपल्याकडे उघडा सडा, म्हणजे सपाट कातळमाथासुद्धा हिरवा असतो. आणि मेचा फोटोही तितकाच फसवा, कारण उन्हाळ्यात साग निष्पर्ण असतो. झाडं असून डोंगर बोडका दिसतो. तुलना करायची तर दोन्ही वर्षांचा डिसेंबरअखेरचा एकच पंधरवडा घ्या. तेव्हा गवत वाळलेलं असतं, बऱ्याच झाडांवर पान टिकून असतं, ढगही फारसे नसतात. फक्त सावल्यांकडे लक्ष हवं. सेंटिनेल-2 हा उपग्रह सकाळी अकराच्या सुमारास इथून जातो. हिवाळ्यातला कलता सूर्य आग्नेयेला असल्याने वायव्येकडचे उभे उतार काळपट येतात आणि ते दाट झाडीसारखे भासतात. दोन्ही फोटो त्याच पंधरवड्यातले असले की सावल्याही जवळपास सारख्याच पडतात.

‘एनडीव्हीआय वाढला.’ वाढणारच. लाल प्रकाश किती शोषला गेला आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश किती परतला, यावरून हा आकडा निघतो. हिरवं पान आहे एवढं त्यावरून कळतं. ते सागाचं, कारवीचं की कुसळीचं, हे एका तारखेच्या आकड्यावरून सांगता येत नाही. त्यात सेंटिनेलच्या फोटोतला एक ठिपका (पिक्सेल) 10 मीटर बाय 10 मीटर, म्हणजे जवळपास एक गुंठा. दोन झाडं, एक धोंडा आणि उरलेलं गवत, सगळ्यांचा मिळून एकच रंग. लँडसॅट या दुसऱ्या उपग्रहाचा ठिपका तर 30 मीटरचा, म्हणजे नऊ गुंठे.

काही जण वनआच्छादनाच्या सरकारी आकड्यांचा दाखला देतात. त्या व्याख्येत 1 हेक्टर जागेवर 10 टक्के झाडोरा पुरतो. आमराईही त्यात बसते.

राहिला खोदकामाचा मुद्दा. उपग्रह जवळजवळ डोक्यावरून बघतो. सह्याद्रीचा ताशीव कडा 50 मीटर उंच असला तरी वरून तो एका रेघेत मावतो. तिथे कातळ फोडला तर त्या ठिपक्यांत फारसं काही बदलत नाही. पायथ्याला मुरूम उकरला तर डाग दिसेल, पण उन्हाळ्यात तो नांगरलेल्या शेतासारखाच दिसतो. खोदकाम तपासायचं तर ड्रोनने तिरके फोटो काढावे लागतात, नाहीतर सरळ पायथ्याशी जाऊन बघावं लागतं. त्र्यंबक काही लांब नाही.