कडेलोट चालतो, मान मोडलेली चालत नाही

(‘सुपरमॅन’ अजून पाहिला नसेल, तर पुढे वाचू नये. शेवट सांगितल्याशिवाय हे लिहिता येण्यासारखे नाही.)

११ जुलै २०२५ रोजी जेम्स गन यांचा ‘सुपरमॅन’ प्रदर्शित झाला आणि त्याच रात्री आमच्या शाळेतल्या मित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर, सुपरहिरोने कुणाचा जीव घ्यावा का, हे जुनेच भांडण नव्याने पेटले. या वेळी निमित्त एका खारीचे होते. एक महाकाय प्राणी शहरात धुमाकूळ घालत असताना सुपरमॅन माणसांबरोबर एका खारीलाही उचलून सुरक्षित जागी ठेवतो, त्या प्राण्यालाही जिवंत ठेवण्याचा काही मार्ग निघतो का हे पाहतो आणि त्याच्या सोबतचे वीर त्याला मारून मोकळे होतात तेव्हा खट्टू होतो. आमच्यातल्या एकाने लिहिले, की बारा वर्षांनी खरा सुपरमॅन परत आला, कुणाचाही जीव न घेणारा. मी विचारले, की मग शेवटी कृष्णविवरात गेलेल्या अल्ट्रामॅनचे काय? तो तर सुपरमॅनचाच क्लोन, सख्ख्या भावाहून जवळचा. त्यावर तीन शब्दांचे उत्तर आले, “तो स्वतः पडला.”

ही पोस्ट त्या तीन शब्दांवर आहे.

बारा वर्षांपूर्वीचा संदर्भ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जून २०१३ मध्ये झॅक स्नायडर यांचा ‘मॅन ऑफ स्टील’ आला. त्याच्या शेवटी सुपरमॅनच्याच ग्रहावरचा खलनायक जनरल झॉड रेल्वे स्थानकात अडकलेल्या एका कुटुंबाच्या दिशेने डोळ्यांतला अग्निकिरण सरकवत नेतो, सुपरमॅन त्याला थांबण्याची विनवणी करतो आणि अखेर त्याची मान मोडतो. सुपरमॅनच्या चाहत्यांमध्ये त्या दिवशी जी फूट पडली ती आजही सांधलेली नाही. ज्यांच्या ‘बर्थराइट’ या कॉमिक मालिकेतून चित्रपटाने छातीवरील चिन्हाचा ‘आशा’ हा अर्थ उचलला, त्या मार्क वेड यांनीच या शेवटावर अत्यंत व्यथित होऊन लिहिले. निर्माते असलेल्या ख्रिस्तोफर नोलान यांचाही सुरुवातीला या शेवटाला विरोध होता. पटकथाकार डेव्हिड गॉयर आणि स्नायडर यांनी त्यांचे मन वळवले. म्हणजे चित्रपट बनण्याआधीच हे भांडण एकदा झाले होते. चाहत्यांनी ते फक्त पुढे चालवले.

माझा प्रश्न त्या मान मोडण्याविषयी नाही. माझा प्रश्न असा, की ज्यांना ती मान सोसवत नाही त्यांना बाकीचे सगळे मृत्यू इतके सहज कसे सोसतात?

टिम बर्टन यांच्या १९८९ च्या ‘बॅटमॅन’चा शेवट आठवून पाहा. हेलिकॉप्टरच्या शिडीला लटकून निसटणाऱ्या जोकरचा पाय बॅटमॅन दोरीने एका दगडी मूर्तीला बांधतो, मूर्ती निखळते आणि तिच्या वजनाने जोकर कॅथेड्रलवरून खाली कोसळतो. २००५ च्या ‘बॅटमॅन बिगिन्स’मध्ये बॅटमॅन खलनायक रास अल गुलला जवळजवळ सांगूनच टाकतो, की मी तुला मारणार नाही, पण वाचवण्याचे बंधनही माझ्यावर नाही, मग तो गाडीतून निघून जातो आणि गाडी रुळांवरून खाली पडते. ते रूळ उद्ध्वस्त करण्याची व्यवस्था त्यानेच पोलीस अधिकारी गॉर्डनकडून करवून घेतलेली असते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. २००८ च्या ‘द डार्क नाइट’मध्ये तो जोकरला पडता पडता झेलून उलटा टांगून ठेवतो, आणि त्या झेलण्याचे कौतुक गेली इतकी वर्षे चालू आहे, पण त्यानंतर काही मिनिटांतच तो खलनायक बनलेल्या सरकारी वकील हार्वे डेंटवर झेप घेतो, डेंट इमारतीवरून खाली पडून मरतो, आणि त्या मृत्यूचा हिशेब कुणी मांडत नाही. सॅम रायमी यांच्या २००२ च्या ‘स्पायडरमॅन’मध्ये खलनायक ग्रीन गॉब्लिन स्वतःच्याच उडत्या ग्लायडरने भोसकला जातो, तेव्हा तर नायकाने फक्त बाजूला उडी मारलेली असते.

मराठी वाचकाला या प्रकाराचे नाव वेगळे सांगायला नको. आपल्याकडे त्याला कडेलोट म्हणतात. रायगडावरच्या टकमक टोकाशी उभे राहून कुणी म्हणत नाही, की इथून गुन्हेगार स्वतः पडत असत. कडेलोट ही देहदंडाचीच शिक्षा होती. फरक इतकाच, की तिथे जीव घेण्याचे काम तलवारीऐवजी उंचीकडे सोपवले जाई. सुपरहिरोंच्या चित्रपटांनी मात्र या उंचीला न्यायाधीशही करून टाकले आहे. नायक ढकलतो, सरकतो, सोडून देतो किंवा नुसताच वाचवत नाही. मारते ती दरी. नायकाचे हात कोरडे राहतात आणि आपण निर्धास्तपणे पॉपकॉर्न संपवतो.

असे का होते, याचा मला सापडलेला उलगडा नीतिशास्त्रातला नसून धंद्यातला आहे. मे १९३९ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ क्रमांक २७ मध्ये बॅटमॅन पहिल्यांदा अवतरला, आणि त्याच पहिल्या गोष्टीत त्याच्या ठोशाने खलनायक आम्लाच्या हौदात पडून मेला. बॅटमॅनला त्याचे काडीचेही दुःख झाले नाही. १९४० च्या वसंतात ‘बॅटमॅन’चा स्वतंत्र पहिला अंक निघाला, त्यातही तो विमानातून मशीनगन चालवतो. त्यानंतर संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी बॅटमॅनच्या हातातली बंदूक आणि मनुष्यहत्या दोन्ही बंद करवली. त्याच पहिल्या अंकाची दुसरी हकिकत मला अधिक बोलकी वाटते. जोकरचे पदार्पण त्या अंकातले, आणि मूळ बेतानुसार तो त्याच अंकाच्या शेवटी स्वतःच्याच सुऱ्याने मरणार होता. असा खलनायक पहिल्याच झटक्यात संपवणे हा शुद्ध वेडेपणा आहे हे एल्सवर्थ यांच्या लक्षात आले, आणि जोकर अजून जिवंत आहे असे सांगणारी एक चौकट शेवटी घाईघाईने जोडण्यात आली. जोकरला पहिले जीवदान बॅटमॅनने दिले नाही. ते संपादकाने दिले.

दर महिन्याला अंक काढायचा असेल तर चांगला खलनायक मारणे परवडत नाही. त्या व्यावहारिक गरजेला पुढच्या लेखकांनी अतिशय सुंदर अशी नैतिक बैठक दिली, हे खरेच आहे, आणि ती बैठक खोटी आहे असे माझे मुळीच म्हणणे नाही. व्यवहारातून सुरू झालेल्या किती तरी रूढी कालांतराने मूल्ये होतात. परंतु चित्रपटाची गरज याच्या बरोबर उलट असते. तो दोन-अडीच तासांत संपवावा लागतो, तिकीट काढून आलेल्या माणसाला शेवट झाल्याचे समाधान हवे असते, आणि खलनायकाचे काम केलेला महागडा नट पुढच्या भागात येईलच याची शाश्वती नसते. कॉमिक म्हणते मारू नकोस, चित्रपट म्हणतो संपव. या दोघांच्या ओढाताणीतून निघालेली तडजोड म्हणजे कडेलोट. नायकाने मारलेही नाही, आणि खलनायक उरलाही नाही.

स्नायडर यांनी ही तडजोड नाकारली, म्हणून मी त्यांना एक गुण देतो. त्यांनी दरी आणली नाही, हात दाखवला. ते दृश्य पाहताना मला झालेला त्रास मला प्रामाणिक वाटला. पण हा गुण देऊन मी लगेच दोन कापून घेतो, कारण त्या दृश्यानंतर काय होते ते पाहा. सुपरमॅन आर्त किंकाळी फोडतो, त्याची प्रेयसी लोइस त्याला मिठीत घेते, आणि पुढच्याच दृश्यात तो पाळतीवरचे एक ड्रोन जनरलसमोर आणून आपटतो, दोन गमतीदार वाक्ये होतात, एक महिला अधिकारी तो दिसायला छान आहे असे सांगून हसते. ज्या कृत्यासाठी दिग्दर्शकाने एवढे धैर्य गोळा केले त्याचा शोक मोजून एक मिठीभर टिकतो. २०१६ च्या पुढच्या चित्रपटात झॉडशी झालेल्या लढाईत उद्ध्वस्त झालेल्या शहराची दखल घेतली गेली, ब्रूस वेनच्या (म्हणजे बॅटमॅनच्या) नजरेतून ती पडझड पुन्हा दाखवली गेली, आणि तो भाग मला खरोखरच आवडतो. मोडलेली मान मात्र सुपरमॅनच्या मनात कुठे उरलेली दिसत नाही. झॉडचे प्रेत उरते, आणि खलनायक लूथर त्यातून नवा राक्षस तयार करतो. म्हणजे त्या हत्येचा उपयोग कथानकाला झाला, माणसाला झाला नाही.

“पण सुपरमॅन मारतच नाही” असे ठामपणे सांगणाऱ्यांना मी नेहमी १९८८ चा ‘सुपरमॅन’ मालिकेचा २२ वा अंक वाचायला सांगतो. जॉन बर्न यांचा त्या मालिकेतला तो शेवटचा अंक. एका वेगळ्या विश्वातील पृथ्वीवरची सगळी माणसे मारून टाकलेले झॉड आणि त्याचे दोन साथीदार हरलेले असतात, त्यांच्या शक्ती सुपरमॅनने आधीच काढून घेतलेल्या असतात, आणि तरीही तो स्वतः न्यायाधीश आणि स्वतःच जल्लाद होऊन हिरव्या क्रिप्टोनाइटने, म्हणजे त्यांच्या ग्रहावरच्यांना मारक असलेल्या खनिजाने, त्या तिघांना देहदंड देतो. रेल्वे स्थानकातल्यासारखी कुणाला वाचवण्याची घाईसुद्धा तिथे नसते. मान मोडण्याच्या मानाने हे कितीतरी भयंकर आहे. परंतु बर्न यांच्यानंतर आलेल्या लेखकांनी ते मागे सोडून दिले नाही. सुपरमॅनचे मन त्या ओझ्याखाली दुभंगते, आपल्या नकळत तो गँगबस्टर या दुसऱ्याच वीराचा वेश घालून रात्री हिंडू लागतो, आणि हे लक्षात आल्यावर आपण पृथ्वीवर राहणे धोक्याचे आहे असे ठरवून स्वतःला अंतराळात हद्दपार करून घेतो. अंकामागून अंक ते प्रायश्चित्त चालते.

असेच २००५ मध्ये ग्रेग रुका यांनी ‘वंडर वूमन’च्या २१९ व्या अंकात केले. खलनायक मॅक्सवेल लॉर्डने सुपरमॅनच्या मनाचा ताबा घेतलेला असतो, आणि सत्य वदवणाऱ्या दोराने बांधल्यावर तो स्वतःच सांगतो, की मला मारल्याशिवाय हे थांबणार नाही. वंडर वूमन त्याची मान मोडते. पुन्हा मानच! आणि त्यानंतर तिचे सर्वांत जवळचे दोन मित्र, सुपरमॅन आणि बॅटमॅन, तिच्याकडे पाहायला तयार होत नाहीत. तोच मॅक्सवेल लॉर्ड २०२० च्या ‘वंडर वूमन १९८४’मध्ये चक्क जिवंत राहतो, आपली चूक कबूल करून मुलाला मिठी मारतो. त्या चित्रपटाला आमच्या गटावर सगळ्यांनी झोडपले, आणि चित्रपट विस्कळीत आहे हे मलाही मान्य आहे, पण खलनायकाला ना मारावे लागले ना पाडावे लागले, असा शेवट त्याने करून दाखवला होता याची नोंद कुणी घेतली नाही. जीव न घेणाऱ्या नायकाचा एवढा सोस असलेल्या चाहत्यांनी निदान तेवढी टाळी द्यायला हवी होती.

मार्व्हलच्या बाबतीत तर हा वाद उद्भवतच नाही, आणि त्याचे कारण सोपे आहे: २००८ च्या ‘आयर्न मॅन’पासून त्या नायकांनी असे वचनच कधी दिलेले नाही. अपवाद स्पायडरमॅनचा. आपल्याकडे १६ डिसेंबर २०२१ रोजी आलेल्या ‘नो वे होम’मध्ये टॉम हॉलंडचा पीटर (हे स्पायडरमॅनचे खरे नाव) रागाच्या भरात त्याच ग्रीन गॉब्लिनवर तोच ग्लायडर उगारतो, आणि टोबी मॅग्वायरचा, म्हणजे २००२ च्या चित्रपटातला, पीटर मध्ये उभा राहून तो अडवतो. एकोणीस वर्षांपूर्वी जो बाजूला सरकला होता, तो या वेळी सरकत नाही. त्या क्षणी चित्रपटगृहात शिट्ट्या थांबून जी शांतता पसरली ती मला अजून आठवते. कडेलोटाची बाकी चुकवलेली मी या चित्रपटांत पाहिली, ती एवढी एकदाच.

माझ्या मित्राचे एक म्हणणे मात्र मी खोडून काढू शकत नाही, म्हणून इथे नमूद करतो. तो म्हणतो, की हे चित्रपट मुले पाहतात, आणि मुलांसाठी हात आणि दरी यांत फरक आहे. हाताची नक्कल करता येते. आम्ही दोघेही इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर (म्हणजे फँटमवर) वाढलो. कमरेला दोन पिस्तुले लावूनही समोरच्याच्या हातातले शस्त्र तेवढे उडवणारा तो वेताळ आम्हाला आदर्श वाटे, आणि त्यामुळे आमचे काही नुकसान झाले नाही. याउलट, मी त्याला म्हणतो, आपल्या आजोबांनी आपल्याला वालीवधाची गोष्टही सांगितली होती, आणि झाडाआडून बाण का मारला हा प्रश्न विचारला म्हणून आपल्याला कुणी गप्प बसवले नव्हते. कीर्तनकार तो प्रश्न स्वतःच काढून त्यावर तास-तासभर निरूपण करतात. देवाच्या बाबतीत एवढी मोकळीक असताना एका परग्रहवासीयाच्या बाबतीत आपण इतके हळवे का व्हावे?

यावर त्याने मला आपला शेवटचा पुरावा पाठवला. १९८० च्या ‘सुपरमॅन २’मध्ये शक्ती गमावलेल्या झॉडला सुपरमॅन बर्फातल्या आपल्या किल्ल्यात खोल दरीत भिरकावतो. मी अनेकदा त्या दृश्याकडे बोट दाखवतो, की बघा, तुमच्या लाडक्या क्रिस्तोफर रीव्हनेही कडेलोटच केला, आणि तोही हसतमुखाने. मित्राने पाठवलेली चित्रफीत म्हणजे चित्रपटगृहातील आवृत्तीत नसलेले, नंतर दूरचित्रवाणीच्या लांबवलेल्या आवृत्तीत आलेले दृश्य होते. त्यात ध्रुव प्रदेशातले पोलीस झॉड आणि त्याच्या दोन साथीदारांना रीतसर पकडून नेताना दिसतात. म्हणजे दरी उथळ होती, तिघेही वाचले होते, आणि आपण चाळीस वर्षे त्यांचे उगीचच सुतक पाळत होतो.

मी त्याला विचारले, की मग हे दृश्य चित्रपटातून काढले कशाला? त्याचे उत्तर अजून आलेले नाही. दोन निळ्या खुणा मात्र दिसत आहेत.