दुनळी बंदूक म्हणजे लोखंडी फाटक नव्हे

‘जुनी बंदूक घरच्या घरी नव्यासारखी करा, वीस वर्षे गंज विसरा’ अशा मथळ्याचा एक निरोप पावसाळा तोंडावर आला की कोकणातल्या व्हॉट्सअॅप गटांतून फिरू लागतो. यंदा तो राजापूरकडच्या माझ्या मामांपर्यंत पोहोचला. त्यांच्याकडे आजोबांची, आता शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर त्यांच्या नावाने नोंदवलेली बारा बोअरची दुनळी आहे. मामांनी निरोप वाचून टॉयलेट क्लीनरच्या दोन बाटल्या आणून ठेवल्या आणि मग फोन करून मला एवढेच विचारले, की काळा रंग मॅट घ्यावा की चकचकीत. त्यामुळे पुढच्या उत्तरात थोडा त्रागा दिसला तर तो समजून घ्यावा.

निरोपाचे म्हणणे थोडक्यात असे: नळी टॉयलेट क्लीनरमध्ये बुडवून गंज काढावा, मग पॉलिश पेपरने सगळे धातूकाम, अक्षरांसकट, गुळगुळीत करावे, नंतर फाटके-ग्रिले रंगवणाऱ्या पावडर कोटिंगवाल्याकडून भट्टीत पक्का रंग चढवून घ्यावा, जुने ब्लूइंग, म्हणजे नळीच्या पोलादावर मुद्दाम आणलेला निळा-काळा थर, कुचकामी असल्याने त्याच्या नादी लागू नये, आणि हे झाले की तेलाची गरज कायमची संपते, फार तर वर्षातून एकदा खोबरेल तेलाचा हात फिरवावा.

टॉयलेट क्लीनरचे आधी उरकून टाकू. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते गंज खाते, त्याबरोबर ब्लूइंगही खाते आणि खालचे पोलादही सोडत नाही. पाण्याने धुतले तरी फटींत आणि दोन नळ्या जोडणाऱ्या पट्ट्यांखाली क्लोराइड उरते आणि तिथूनच नवा गंज धरू लागतो. घोड्याच्या आणि चापाच्या कडक स्प्रिंगा आम्लात पडल्या तर पोलादात हायड्रोजन शिरून त्या ठिसूळ होतात आणि पुढे केव्हातरी, काहीही पूर्वसूचना न देता, तुटतात. वरवरच्या गंजासाठी तेल आणि अगदी बारीक स्टील वूल पुरते, तेही हलक्या हाताने.

‘अक्षरांसकट गुळगुळीत करा’ हे वाक्य ज्याने लिहिले, त्याने परवाना कधी हातात धरलेला नसावा. शस्त्र अधिनियम, 1959 चे कलम 8 अगदी स्पष्ट आहे: बंदुकीवर कोरलेले नाव, क्रमांक किंवा कोणतीही ओळखखूण पुसणे, काढणे किंवा बदलणे यास मनाई आहे. त्याच कलमातली पुढची तरतूद त्याहून महत्त्वाची आहे, कारण ज्याच्या ताब्यात अशी खूण नसलेली बंदूक सापडेल त्यानेच ती पुसली असे, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते. म्हणजे ‘रंग देताना चुकून गेले’ हे सांगण्याची आणि सिद्ध करण्याची जबाबदारी मामांवर येते. निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करताना आणि परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी क्रमांक ताडून पाहिला जातो. एकीकडे पेपरने कडा झिजलेल्या आणि दुसरीकडे जाड रंगाने बुजलेल्या आकड्यांत 3 आहे की 8, हे तिथल्या हवालदाराने कसे ठरवावे?

शिवाय प्रश्न फक्त कायद्याचा नाही. पुढची लाकडी पट्टी काढून नळ्या सोडवल्या की त्यांच्या मागच्या टोकाला, खालच्या सपाट भागावर, बारीक छाप दिसतात. जुन्या विलायती दुनळीवर ते बर्मिंगहॅम किंवा लंडनच्या चाचणीगृहाचे असतात आणि बोअर (नळीच्या आतल्या रुंदीचे माप) किती, किती दाब सोसण्याची परीक्षा झाली, काडतुसाचे घर, म्हणजे नळीत काडतूस बसते ती जागा, किती लांबीचे, हे त्यांवरूनच कळते. 65 मिलिमीटरच्या घरात 70 मिलिमीटरचे काडतूस सहज शिरते, पण उडताना त्याचे तोंड उघडायला जागा अपुरी पडते आणि दाब वाढतो. हा छाप घासून टाकला की पुढच्या पिढीला कोणते काडतूस चालते हे अंदाजाने ठरवावे लागेल. गुळगुळीत नळीसाठी मोजायची ही किंमत मला तरी परवडणारी वाटत नाही.

आता पावडर कोटिंग, म्हणजे निरोपाचा मुकुटमणी. फाटकावर हे काम उत्तम टिकते, यात शंका नाही. पण पावडर वितळून घट्ट बसण्यासाठी वस्तू साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसच्या भट्टीत ठेवावी लागते, आणि बहुतेक जुन्या दुनळ्यांत दोन नळ्यांच्या मधल्या वरच्या आणि खालच्या पट्ट्या कथील-शिशाच्या डाखाने (सोल्डरने) बसवलेल्या असतात. हा डाख 183 अंशांपासून वितळू लागतो. म्हणजे ज्या तापमानाला रंग पक्का होतो, त्याच तापमानाला बंदूक सुटू लागते. पट्टी लगेच गळून पडेल असे नाही. बऱ्याचदा ती वरून जागेवरच दिसते आणि आतून सुटलेली असते. जाणकार कारागीर नळ्या त्यांच्या खालच्या हुकाला दोरी बांधून टांगतात आणि लाकडाच्या तुकड्याने हलकेच ठोकतात. पट्ट्या शाबूत असतील तर आवाज खणखणीत येतो आणि रेंगाळतो, सुटलेल्या असतील तर बद्द येतो. बद्द आवाजाच्या नळ्यांमध्ये पावसाळ्यातली ओल शिरते आणि बाहेरून दिसणारही नाही असा गंज आतल्या अंगाने नळ्या पोखरू लागतो. गंजावरचा उपाय म्हणून केलेल्या कामाचे हे फळ.

जाडीचा प्रश्न वेगळाच. पावडरचा थर बहुधा 60 ते 80 मायक्रॉनचा असतो. चांगल्या दुनळीत नळ्यांचे मागचे तोंड आणि समोरचा पोलादी ठोकळा यांच्यामध्ये, बंदूक बंद केल्यावर, कागदही सरकत नाही. तिथे रंग चढला तर बंदूक मिटणार नाही, आणि मिटावी म्हणून कोणी कानस चालवली तर ती कायमची ढिली होईल. एवढे करूनही बंदूक कोटिंगवाल्याच्या दुकानात ठेवून येता येत नाही ते नाहीच; कलम 3 परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकाराने बंदूक दुरुस्तीसाठी नेऊ देते, पण दुरुस्ती करणाऱ्याकडे कलम 5 खालचा परवाना लागतो, आणि ग्रिलवाल्याकडे तो नसतो.

ब्लूइंगबद्दल निरोपात जे म्हटले आहे त्यातले अर्धे, नाइलाजाने का होईना, मान्य करावे लागते. ब्लूइंग हे मुळात पोलादाच्या पृष्ठभागावरचे काळे लोह-ऑक्साइड आहे आणि त्याचा स्वतःचा गंजरोध बेताचाच असतो. खरे रक्षण त्यात धरून राहिलेले तेल करते. खाऱ्या हवेत सिरॅमिक मिश्रित पातळ लेप त्याहून पुष्कळ जास्त टिकतो हेही खरे. आधुनिक रायफलीला, परवानाधारक कारागिराकडून, असा लेप देण्याला माझा विरोध नाही. बाजारात बाटलीत मिळणारे ‘कोल्ड ब्लू’ मात्र टिकाऊ नसते आणि त्यात बहुधा सेलेनियमची विषारी संयुगे असतात. ओरखडा झाकण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही.

पण डाखाच्या दुनळीला मानवणारे काम जुनेच आहे: सावकाश गंजवून केलेले ब्लूइंग. कारागीर नळी तेलाचा अंशही राहणार नाही अशी स्वच्छ करतो, तिच्यावर गंज आणणारे द्रावण पुसतो आणि दमट जागी ठेवतो. तांबूस, मखमलीसारखा बारीक गंज आला की नळी उकळत्या पाण्यात सोडतो, तसा तो तांबडा गंज डोळ्यांदेखत काळा होतो. मग मोकळी काजळी बारीक तारेच्या ब्रशने झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून, रंग गडद होईपर्यंत. यात तापमान कधीही 100 अंशांच्या वर जात नाही, म्हणून डाख सुरक्षित राहतो. कारखान्यांतले गरम क्षारांचे ब्लूइंग इथे चालत नाही, कारण त्यातला कॉस्टिक सोडा डाखाला खातो आणि पट्ट्यांखाली अडकलेले क्षार नंतर कित्येक दिवस झिरपत राहतात.

खोबरेल तेल धातूवर नको. ते कालांतराने खवट आणि चिकट होते, आणि कोकणात हाताशी असते एवढाच त्याचा गुण. धातूला खनिज तेल, म्हणजे गन ऑइल किंवा तेही नसेल तर शिलाई मशीनचे तेल, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा आणि हात लागला की प्रत्येक वेळी, कारण घामातले मीठ बोटांचे ठसे नळीवर गंजाने उमटवते. लाकडी दस्त्याला जवसाचे तेल योग्य. ते हवेत सुकून लाकडात मुरते. जवसाच्या तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. आणि चामड्याची पेटी कितीही देखणी असली तरी जून ते सप्टेंबर बंदूक तिच्यात ठेवू नये. चामडे ओल धरते, कमावताना वापरलेले क्षारही त्यात असतात, आणि उत्तम ब्लूइंग केलेली नळीसुद्धा तिथे महिन्याभरात ठिपक्या-ठिपक्यांनी गंजू लागते.