उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्यांनी काय करायचं?

मे महिन्यात जळगावात पारा ४४-४५ अंशांवर गेला की आम्ही आजही संध्याकाळी गच्चीवर पाणी मारतो आणि रात्री तिथेच गाद्या टाकतो. खाली पंखा नुसती गरम हवा फेकतो. लग्नसराईही नेमकी याच दिवसांत.

परवा रात्री पावणेबाराला गल्लीतून वरात गेली. डीजेची गाडी घरासमोर थांबली तेव्हा स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचे पेले एकमेकांवर आपटत होते. बायपास झालेली आई गादीवर उठून बसली, छातीला हात लावून. "सांगा ना त्यास्ले," एवढंच म्हणाली.

खाली जाऊन सांगितलं. उत्तर आलं, "परमिशन आहे भो."

कशाची परमिशन? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस आणि तेही सांस्कृतिक-धार्मिक सणांसाठीच. सवलतीचे हे दिवस जिल्ह्याजिल्ह्यात वेगळे असू शकतात, पण घरचं लग्न त्यात कुठेच बसत नाही. ना जळगावात, ना धुळ्यात, ना पुण्यात. आणि दहाच्या आधीही सगळं माफ नाही. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असेल, तर तिथे आणखी कमी.

जर्मनीत रात्रीसोबत अख्खा रविवार शांततेचा, भिंतीला ड्रिलसुद्धा लावायचं नाही. आपल्याकडे तेवढं मी मागत नाही. पुण्यात बहिणीच्या सोसायटीत दहाला माणसं स्वतःहून आवाज बंद करतात. नियम तोच आहे. फरक एवढाच, की तिथे शेजाऱ्याला बोलायचा संकोच नाही. आपल्याकडे भाऊबंदकीत वाईटपणा कोण घेणार?

जागरणाला माझा विरोध नाही. श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या, रात्री आमच्याकडे बाया पहाटेपर्यंत अहिराणी गाणी म्हणतात. त्या आवाजात मी लहानपणी आजीच्या मांडीवर झोपलोय. त्या आवाजाने कुणाची छाती धडधडली नाही.

पुढच्या महिन्यात पुतण्याचं लग्न आहे. वाजंत्री लावायची, डीजे नाही, आणि साडेनऊला वरात दारात आली पाहिजे, असं मी घरात सांगून टाकलंय. पोरं रुसलीत. मोठा भाऊ दोन दिवस बोलत नाहीये. तरी मी ऐकणार नाही.